वाकडं घर वाकडंच काढा: ठाण्यातल्या जुन्या घराची मोजणी आणि नकाशे

चरईतल्या त्या घराची कडी वाजवली तेव्हा काकूंनी दार अर्धंच उघडलं. माझ्या हातात टेप, मागे आर्किटेक्चरला शिकणारी दोन मुलं, त्यांच्या काखेत पाट्या. "बिल्डरकडून आलात का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. त्यांचं चुकलं नव्हतं. नौपाडा, चरई, खारकर आळी, चेंदणी या भागात जुन्या घरात टेप शिरला की पुढे काय होतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मी म्हटलं, "नाही काकू, घर आहे तसं कागदावर उतरवायला आलोय." त्यावर त्या म्हणाल्या, "आहे तसं? अहो, एक भिंत सरळ नाही याची."

तेच तर काढायचं असतं.

महापालिकेत मंजुरीला जातो तो नकाशा घर कसं असावं ते सांगतो. मोजणीचा नकाशा घर कसं आहे ते सांगतो. झुकलेला खांब, पोटात वाकलेली तुळई, काटकोनात न बसणारी खोली, बुजवलेली खिडकी, सगळं मापासकट. अमेरिकेत १९३३ साली मंदीत काम गमावलेल्या वास्तुविशारदांना सरकारनं देशभरची जुनी घरं मोजायला लावलं. तेव्हाची कितीतरी घरं आज उभी नाहीत, पण त्यांचे नकाशे तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत आणि कुणालाही पाहता येतात. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेतही जतनाच्या प्रत्येक कामासोबत अचूक नोंद हवी, असं स्पष्ट म्हटलं आहे. आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाही. एक घर, तीन माणसं आणि साधारण पाच दिवस, एवढ्याची ही कृती आहे.

टेप काढण्याआधी

परवानगी तोंडी नको, लेखी घ्या. जुन्या घराला बहुधा चार-पाच वारस असतात, खाली पागडीचा भाडेकरू असतो आणि त्यातल्या दोघांचं आपसात बोलणं नसतं. सगळ्यांना भेटा. नकाशा कुणाला दाखवणार, फोटो कुठे टाकणार नाही, हे आधीच सांगा. कपाटाची कुलपं, कड्या-कोयंडे आणि मागच्या दाराचे फोटो इंटरनेटवर चढवणं म्हणजे चोराला घर दाखवणं.

घराची मिळकत पत्रिका आणि नगर भूमापनाचा नकाशा मागवून घ्या. त्यात हद्द कळते, शेजारचे क्रमांक कळतात आणि कधीकधी आता नसलेलं एखादं बांधकामही दिसतं. परिसराची जुनी ओळख हवी असेल तर १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर आहे. घराबद्दल त्यात काही मिळणार नाही, पण तलाव, बाजार, रस्ते यांची तेव्हाची मांडणी मिळते.

घर महापालिकेच्या धोकादायक इमारतींच्या यादीत सी-१ म्हणजे अतिधोकादायक वर्गात असेल, तर आत पाऊल टाकू नका. बाहेरून मोजा, फोटो काढा आणि तेवढ्यावर थांबा.

मोसम म्हणाल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. कौलाखालच्या माळ्यावर एप्रिलमध्ये दहा मिनिटं बसून बघा, म्हणजे कारण कळेल. मात्र जुलैत एक फेरी जरूर मारा, टेपशिवाय. ओल कुठून उतरते, वळचणीचं पाणी कुठल्या भिंतीवर येतं, पन्हळ कुठे फुटलंय, हे फक्त तेव्हाच दिसतं. पावसात काढलेल्या त्या खुणा हिवाळ्यातल्या नकाशावर चढवा.

पिशवीत काय हवं

पाच मीटरचा पोलादी टेप, तीस मीटरचा एक मोठा टेप, लेझर मीटर, ओळंबा, पाणसळ, दहा-पंधरा मीटरची पारदर्शक नळी, नायलॉनची दोरी, खडू, मास्किंग टेप, बॅटरी, धुळीचा मास्क, जाड तळाचे बूट. पेन्सिली भरपूर, पेन एकही नको. मोठा टेप कापडी असेल तर तो ताणला जातो. लांब मापाला पोलादीच वापरा आणि मध्ये झोळ पडू देऊ नका.

छोट्या टेपच्या टोकाची आकडी सैल हलते म्हणून दुकानदाराशी भांडू नका. ती आकडीच्या जाडीइतकीच हलते. दाबून माप घेतलं काय किंवा अडकवून ओढलं काय, शून्य बरोबर जागी यावं म्हणून ती तशी ठेवलेली असते.

लेझर मीटर सोयीचा आहे, पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकू नका. माप यंत्राच्या पुढच्या कडेपासून धरायचं की मागच्या, याची एक कळ असते. आमच्या पहिल्या दिवशी ती चुकून पुढच्या कडेवर होती आणि आम्ही यंत्राची पाठ भिंतीला टेकवून मापं घेत होतो. दुपारपर्यंतची प्रत्येक खोली यंत्राच्या लांबीएवढी तोकडी भरली. तेव्हापासून रोज सकाळी एक भिंत टेपनं आणि लेझरनं अशी दोन्हीकडून मोजतो, मगच पुढे सरकतो.

पहिला दिवस: नुसतं बघणं आणि कच्चं रेखाटन

पहिला अर्धा दिवस टेप पिशवीतच राहू द्या. घरभर फिरा. ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, न्हाणीघर, पडवी, माडी, माळा, परसातली विहीर. घरातली माणसं जी नावं वापरतात तीच कागदावर लिहा. "बेडरूम २" लिहिलंत की बाळंतिणीची खोली नकाशातून कायमची गेली.

मग प्रत्येक खोलीचं वेगळं कच्चं रेखाटन काढा. प्रमाणात नसलं तरी चालेल, पण मोठं हवं, पानभर. भिंतीचा प्रत्येक कोपरा, चौकट, कोनाडा, फडताळ, खांब त्यात दिसला पाहिजे. दारांना द-१, द-२ आणि खिडक्यांना ख-१, ख-२ असे क्रमांक द्या आणि मास्किंग टेपच्या चिठ्ठ्या जागेवर चिकटवा. फोटो काढताना चिठ्ठी फोटोत येऊ द्या. तीन महिन्यांनी चारशे फोटोंत ती खिडकी कुठली, हे आठवत नाही, हा अनुभव एकदा घेऊन झालाय, तुम्ही घेऊ नका.

समपातळीची रेघ

सगळ्या कामाचा कणा ही एक रेघ आहे. जुन्या घरात जमीन सपाट नसते, छत सपाट नसतं, त्यामुळे उंची मोजायची तर कशापासून, हा प्रश्न येतोच. उत्तर म्हणजे घरभर फिरणारी एक काल्पनिक आडवी रेघ. ओटीच्या जमिनीपासून साधारण एक मीटरवर एक खूण करा. नळीत पाणी भरा, आत बुडबुडा राहिलेला नाही हे नीट बघून घ्या. एक टोक खुणेशी धरा, दुसरं टोक माजघरात न्या, पाणी स्थिरावलं की तिथे खूण करा. असं करत प्रत्येक खोलीत किमान दोन खुणा. लेझर लेव्हल असेल तर काम लवकर होतं, पण बोळकांडीतून वळणं घेत जायला ही नळीच बरी. गवंडी अजून तीच वापरतात, ते उगाच नाही.

खुणा खडूनं किंवा मास्किंग टेपवर करा. चुन्याच्या गिलाव्यात खिळा ठोकू नका.

मग त्या रेघेपासून वर आणि खाली मोजत जायचं. जमीन, उंबरठा, खिडकीचं तळ, चौकटीचा माथा, तुळईचं पोट, कडीपाट. चरईच्या त्या घरात स्वयंपाकघराची जमीन माजघरापेक्षा ९ सेंटीमीटर खाली निघाली. तेव्हा नुसती नोंद केली, कारण नंतर कळलं.

मापं घेताना

तीन माणसं लागतात. दोघं टेप धरतात, तिसरा लिहितो. लिहिणाऱ्यानं आकडा मोठ्यानं परत म्हणायचा. आणि आपल्या भाषेची इथे एक खास अडचण आहे. माळ्यावरून कुणी "एकोणसाठ" ओरडलं की खाली "एकोणसत्तर" ऐकू येतं, "त्रेपन्न"चं "त्रेसष्ट" होतं. म्हणून आम्ही आकडे फोडून बोलतो: "पाच-नऊ", "सहा-तीन". ऐकायला विचित्र वाटतं, पण दहा सेंटीमीटरच्या चुका थांबतात.

मापं तुकड्यातुकड्यांत घेऊ नका. कोपऱ्यापासून चौकट, मग चौकटीची रुंदी, मग पुढची भिंत, असं सुटं मोजलं तर सात तुकड्यांत प्रत्येकी ५ मिलीमीटरची चूक शेवटी साडेतीन सेंटीमीटरवर जाते. त्याऐवजी टेपचं शून्य एका कोपऱ्यात धरून ठेवा आणि टेप न हलवता प्रत्येक कडेवरचा आकडा वाचत जा: ०, ८४०, १७९०, २६३०, असं चढत. एका वाचनाची चूक मग एकाच जागी राहते, पुढे सरकत नाही.

सगळी मापं मिलीमीटरमध्ये घ्या. घर मात्र फूट-इंचात बांधलेलं आहे हे विसरू नका. खोली २७४० मिलीमीटर भरली तर ते बहुधा ९ फूट आहेत. खांबांची अंतरं मोजलीत की खणांची, म्हणजे दोन खांबांमधल्या गाळ्यांची मांडणी समोर येते आणि सुतारानं कुठलं माप धरलं होतं याचा अंदाज येतो. हा हिशेब घरी जाऊन करा. जागेवर २७४० चे २७४३ करायचा मोह आवरा.

आता कर्ण. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजायचे. याला सूट नाही. चार भिंती आणि एक कर्ण यांवरून खोलीचा खरा आकार कागदावर काढता येतो, दुसरा कर्ण म्हणजे ताळा. त्या घराचं माजघर ३.६६ मीटर बाय ४.५७ मीटर, म्हणजे १२ बाय १५ फूट. काटकोनी असतं तर दोन्ही कर्ण ५.८५ च्या आसपास आले असते. आले ५.८० आणि ५.९१. अकरा सेंटीमीटरचा फरक, म्हणजे कोपरे जेमतेम एका अंशानं कललेले. डोळ्याला दिसत नाही, पण काकूंना चाळीस वर्षं माहीत होतं, कारण चटई कधी भिंतीला धरून बसत नाही. बाहेर येऊन पाहिलं तर उलगडा झाला. समोरची भिंत आळीला समांतर आहे, बाजूच्या भिंती शेजारच्या हद्दीला धरून आहेत, आणि आळीच तिथे किंचित वळते. हा एक अंश नकाशात सरळ केला असता तर आळीचं वळणही त्यासोबत पुसलं गेलं असतं.

कर्ण आतल्या वस्तूंमुळे मोजता येत नसेल तर खोली त्रिकोणांत फोडा, मधल्या खांबाला धरून. काकूंचं लाकडी कपाट हलवायला सांगू नका. ते हललं तर त्याचे पाय राहतील याची खात्री नाही.

भिंतीची जाडी

दारं-खिडक्यांपाशी जाडी थेट मोजता येते, पण चौकट भिंतीच्या मध्ये बसवलेली असते आणि कड बऱ्याचदा तिरकी कापलेली असते. दोन्ही अंगांना एकेक सपाट पट्टी धरा आणि पट्ट्यांमधलं अंतर घ्या. जिथे भोकच नाही तिथे बाहेरून एकूण माप घेऊन त्यातून आतल्या खोल्या वजा करा.

माझ्या मते सगळ्या मोजणीत सर्वात बोलकी गोष्ट हीच. त्या घरात आतल्या भिंती साधारण २७ सेंटीमीटरच्या होत्या, म्हणजे ९ इंची वीट आणि दोन्हीकडे गिलावा. माजघर आणि स्वयंपाकघर यांमधली भिंत मात्र ४९ सेंटीमीटर. आतल्या भिंतीला दीड फुटाची जाडी कोण देतं? स्वयंपाकघराच्या बाजूनं तिच्यात एक खोल कोनाडा होता, त्याचा माथा वरून कमानीचा. बोटानं ठोकून पाहिलं तर मागचा भाग पोकळ बोलला. तो कोनाडा म्हणजे बुजवलेली खिडकी होती. एकेकाळी घर तिथेच संपत होतं आणि ती मागची, पावसाची भिंत होती. स्वयंपाकघर नंतर जोडलेलं, म्हणून त्याची जमीन ९ सेंटीमीटर खाली. घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. काकू म्हणाल्या, "सासूबाई म्हणायच्या खऱ्या, की आधी चूल पडवीत होती."

खांब, तुळया, जिना

खांबाचा कल काढायला माथ्यापासून ओळंबा सोडा आणि वर व खाली दोरीपासून खांबापर्यंतचं अंतर घ्या, दोन दिशांनी. तळखडा (खांबाखालचा दगड), खांब, हस्त (खांबाच्या माथ्याचा लाकडी आधार), तुळई यांची मापं वेगवेगळी लिहा. तुळईचा झोळ काढायला दोन्ही टोकांना दोरी ताणून बांधा आणि मधलं अंतर मोजा. माडीखालची एक तुळई मधोमध ३ सेंटीमीटर उतरली होती. नकाशात ती तशीच काढली, शेजारी आकडा आणि मोजणीची तारीख टाकली. पाच वर्षांनी कुणी पुन्हा मोजलं तर ती अजून उतरते आहे की थांबली आहे, हे कळेल. दुरुस्ती करणाऱ्या इंजिनिअरला सुंदर चित्रापेक्षा हा एक आकडा जास्त उपयोगी पडतो.

जिन्याच्या पायऱ्या मोजताना एकूण उंची आणि पायऱ्यांची संख्या आधी घ्या, मग प्रत्येक पायरी. पहिली आणि शेवटची नेहमी वेगळी भरते, कारण जमीन नंतर कधीतरी शहाबादी फरशीनं उंचावलेली असते.

माळा आणि छप्पर

माळ्यावर एकटे जाऊ नका. पाय फक्त कड्यांवर, म्हणजे फळीखालच्या आडव्या लाकडांवर ठेवा, नुसत्या फळीवर नाही, कारण वाळवीनं पोखरलेली फळी वरून चांगली दिसते. काठी आपटत पुढे जा, विंचू-सापांना जायला वेळ मिळतो.

आढ्याची उंची लेझरनं खालून मिळत असेल तर उत्तम. छपराचा उतार अंशांत नको, आडवं अंतर आणि उभी उंची अशा दोन मापांत घ्या. बाहेरच्या पाख्यावर चढता येत नसेल तर एक सोपी युक्ती आहे. आतून कौलांखालच्या दोन रिपांमधलं अंतर दहा ठिकाणी मोजा, सरासरी काढा आणि कौलांच्या ओळी मोजून गुणा. वळचणीपासून आढ्यापर्यंतची लांबी बऱ्यापैकी जवळ येते. पण ती काढलेली आहे, मोजलेली नाही, हे नकाशावर लिहा.

इथे एक सापळा आहे. मंगलोरी कौल उलटं करून पाहिलंत आणि त्यावर बासेल मिशन या मिशनरी संस्थेच्या कारखान्याचं नाव आणि १८६५ असं साल दिसलं तर घर १८६५ चं ठरवून मोकळे होऊ नका. ते साल कारखाना सुरू झाल्याचं आहे, पुढेही ठशात तेच येत राहिलं. शिवाय कौलं फुटतात, बदलतात, दुसऱ्या पाडलेल्या घरातून येतात. ठसा टिपून घ्या, फोटो काढा, पण त्यावरून निष्कर्ष काढू नका.

दर्शनी भाग आणि बारकावे

गल्ली अरुंद असते, मागे सरकायला जागा नसते, त्यामुळे एका फोटोत दर्शनी भाग येत नाही. तुकड्यातुकड्यांनी काढा, शेजारच्या दोन फोटोंत निदान दोन-तृतीयांश भाग सारखा यावा. प्रत्येक फोटोत ज्ञात लांबीची पट्टी असू द्या. फोटो जोडणारी सॉफ्टवेअरं यातून चांगलं चित्र बनवतात. तरी किमान चार-पाच अंतरं टेपनं मोजून ताळा घ्या. लेझर स्कॅनर मिळाला तर वापरा, पण स्कॅनर खिडकी बुजवलेली आहे हे सांगत नाही.

चौकटीवरची नक्षी, कठड्याचे गज, हस्ताची गोलाई यांचं १:१ रेखाटन करायचं. ट्रेसिंग कागद नक्षीवर धरून मऊ पेन्सिल आडवी घासली की ठसा उमटतो. एकसारख्या दहा खिडक्या असतील तर एक पूर्ण मोजा, बाकीच्या तपासा. "सगळ्या सारख्याच आहेत" हे वाक्य मी दोनदा खोटं ठरताना पाहिलंय.

कागदावर

मोजून झालं की त्याच रात्री कच्चं काढायला बसा. दुसऱ्या दिवशी घर तिथेच असतं, तुमची आठवण मात्र नसते. आधी बाहेरची चौकट, मग समपातळीची रेघ, मग खोल्या कर्णांवरून. न जुळणारं माप ओढूनताणून जुळवू नका, लाल गोल करा आणि सकाळी पुन्हा मोजा.

घराचा पसारा ८ बाय १४ मीटर असेल तर १:५० ला तो १६ बाय २८ सेंटीमीटर होतो, म्हणजे ए-३ कागदावर मापांसकट बसतो, आणि ए-३ ची प्रत स्टेशनबाहेरच्या कुठल्याही दुकानात निघते. परिसराला १:२००, छेदांना (घर उभं कापल्यावर दिसेल त्या चित्राला) १:५० किंवा १:२०, दारा-खिडक्यांना १:१०. छापलेली रेघ सुमारे ०.२ मिलीमीटरची असते, १:५० ला ती प्रत्यक्षातले १० मिलीमीटर झाकते. त्यामुळे तळमजल्याच्या नकाशासाठी अर्ध्या मिलीमीटरवरून वाद घालण्यात अर्थ नाही. नक्षीला मात्र आहे.

मजल्याचा नकाशा घर साधारण १.२ मीटर उंचीवर आडवं कापल्यासारखा काढा, म्हणजे खिडक्या येतात. कापलेली भिंत जाड रेघेत, पलीकडचं बारीक, वरची तुळई तुटक. छेद निदान दोन: एक जिन्यातून, एक आढ्याला आडवा. मोजलेलं सलग रेघेत आणि अंदाज तुटक रेघेत, हा नियम शेवटपर्यंत पाळा. प्रमाण आकड्यात तर लिहाच, पण पट्टीही काढा, कारण झेरॉक्स करताना कागद लहान-मोठा होतो आणि १:५० हा आकडा खोटा पडतो, पट्टी पडत नाही. उत्तर दिशा टाका. होकायंत्र लोखंडी गजांपासून दूर, अंगणात धरा. कोपऱ्यात मोजणाऱ्यांची नावं, मोजणीच्या तारखा आणि न मोजलेल्या जागांची यादी. आमच्या यादीत देवघरामागची बंद खोली आहे, चावी पुण्याला असते.

कच्ची रेखाटनं फेकू नका, स्कॅन करून ठेवा. पक्क्या नकाशात चूक निघाली तर तीच साक्षीदार असतात. पीडीएफ आणि मूळ कॅड फाइल दोन ठिकाणी, आणि एक छापील संच घरमालकांकडे.

तो संच द्यायला गेलो तेव्हा काकूंनी चष्मा लावून तळमजला बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "पाळण्याच्या कड्या कुठायत?" माजघरातल्या तुळईला दोन लोखंडी कड्या होत्या, आम्ही रोज त्यांच्याखालून गेलो होतो. स्टूल मागवलं. दोन कड्यांमधलं अंतर ११४५ मिलीमीटर.